नवशिक्याच्या हाती मॉडेल द्याच

प्लंबिंगच्या आमच्या व्यवसायात एक मत इतक्या ठामपणे मांडलं जातं की त्याला विरोध करणारा हटकून उथळ ठरतो. ते मत असं: नव्या मुलाने आधी दोन-तीन वर्षं साईटवर काढावीत, मग ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग शिकावं, आणि पाईप, ट्रॅप, उतार हे सगळं अंगात मुरलं की मगच रेव्हिटसारख्या मॉडेलिंग सॉफ्टवेअरला हात लावावा. आधीच लावला तर तो नुसता बटणं दाबणारा होतो आणि एसीत बसून उंटावरून शेळ्या हाकतो. असं म्हणणारी माणसं साधीसुधी नाहीत. त्यांनी उंच इमारतींचे शाफ्ट उभे केलेत, तुंबलेल्या लाईनी मध्यरात्री उघडल्यात, कुठल्या मजल्यावर बेसिन गुडगुड करणार हे नकाशा बघून सांगितलंय. त्यांच्या अनुभवाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांचं हे मत चुकीचं आहे आणि त्याची किंमत नवी मुलं मोजताहेत.

माझं म्हणणं उलट आहे. नवशिक्याने प्लंबिंग डिझाइन पहिल्या दिवसापासून मॉडेलमध्ये शिकावं आणि सुरुवात नळाच्या पाण्यापासून नव्हे, सांडपाण्यापासून करावी. यातली पहिली गोष्ट दुसरीशिवाय टिकत नाही. मॉडेल हाती दिलं आणि शिकवणीची सुरुवात पाणीपुरवठ्यापासून केली, तर ज्येष्ठांची भीती शंभर टक्के खरी ठरते.

आधी त्यांचा मुख्य आक्षेप घेऊ: सॉफ्टवेअर माणसाला आंधळं करतं. मग ऑटोकॅडमधली ड्रेनेजची रेघ काय दाखवत होती? प्लॅनवर एका लेअरवर ओढलेली ती एक रेघ असते. शेजारी ‘१०० मिमी, स्लोप १:५०’ असं लिहिलेलं असतं. हा उतार त्या रेघेत नसतो, त्या अक्षरांत असतो. रेघ बीमच्या तुटक रेषांवरून बिनबोभाट निघून जाते आणि ड्रॉइंग ‘गुड फॉर कन्स्ट्रक्शन’ होऊन साईटवर पोचतं.

एक साधं टॉयलेट घ्या. कमोडपासून शाफ्टपर्यंत साडेचार मीटर अंतर आहे. स्लॅब दीडशे मिलिमीटर जाड आहे आणि पाईप त्याच्या खाली लटकणार आहे. मध्ये, कमोडपासून तीन मीटरवर, एक बीम आहे. स्लॅबसकट तो ४५० मिलिमीटरचा, म्हणजे स्लॅबच्या तळापासून तीनशे खाली उतरलेला. फॉल्स सीलिंगही आर्किटेक्टने तीनशेवरच धरलंय. ११० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पाईप आहे. बेंड वगैरे धरून त्याचा मध्य सुरुवातीला स्लॅबच्या तळापासून दोनशे खाली ठेवला. पन्नासाला एक असा उतार दिला तर बीमपाशी पोचेपर्यंत पाईप साठ मिलिमीटर उतरतो. तिथे त्याचा मध्य २६० वर आणि माथा २०५ वर असतो, बीम मात्र ३०० पर्यंत खाली आलेला असतो. पाईप सरळ बीमच्या पोटात जातो. तो बीमखालून न्यायचा तर सबंध लाईन ९५ मिलिमीटर खाली घ्यावी लागते, आणि मग शाफ्टपाशी पाईपचा तळ स्लॅबखाली ४४० वर येतो. तीनशेचं सीलिंग गेलं.

ऑटोकॅडच्या प्लॅनमध्ये यातलं काहीही घडत नाही. मॉडेलमध्ये हे सगळं पहिल्याच तासात मुलाच्या डोळ्यांसमोर घडतं. दोन टक्के उतार देऊन पाईप ओढला की त्याच्या दोन्ही टोकांच्या उंच्या दिसतात, सेक्शन कापला की पाईप बीममध्ये घुसलेला दिसतो. मग मुलाला निवडावंच लागतं. पाईप खाली घ्यायचा आणि आर्किटेक्टशी सीलिंगचं भांडण करायचं, कमोडची जागा शाफ्टकडे सरकवायची, की स्ट्रक्चरल इंजिनीयरला विचारून बीममध्ये कास्टिंगच्या आधीच स्लीव्ह टाकायचा. डिझाइन म्हणतात ते हेच. ते आधी झालं नाही की साईटवर कोअर कटिंगचं मशीन येतं आणि बीमच्या सळया कापल्या जातात. हे मी नव्याने सांगायची गरज नाही, ज्येष्ठांनी ते माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

यावर उत्तर ठरलेलं असतं: चांगला ड्राफ्ट्समन अवघड जागी सेक्शन काढायचाच. काढायचा, मान्य. पण जागा अवघड आहे हे ज्याला आधीच कळलंय तोच तिथे सेक्शन काढणार. नवशिक्याला तेच तर कळत नसतं. प्रत्येक टॉयलेटचा सेक्शन हाताने काढायला कुठल्याही ऑफिसात वेळ नव्हता. मॉडेलमध्ये सेक्शन फुकट मिळतो, म्हणून तो चुकीच्या जागीही कापून बघता येतो, आणि नवशिका नेमका तिथेच शिकतो.

दुसरा आक्षेप असा की सुरुवातीचे आठवडे सॉफ्टवेअरच्या खोड्यांशी झगडण्यात जातात आणि प्लंबिंग बाजूलाच राहतं. या खोड्या बघूया. रेव्हिटमध्ये पहिल्यांदा ड्रेनेजचा पाईप ओढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एक अनुभव येतो. तो तिसऱ्या मजल्याचा प्लॅन उघडतो, कमोडपासून पाईप ओढतो, आणि पाईप दिसतच नाही. कोपऱ्यात सूचना येते की काढलेली वस्तू या प्लॅनमध्ये दिसणार नाही. मुलगा ती वाचत नाही. पुन्हा ओढतो, पुन्हा नाही दिसत. असे चार-पाच पाईप एकावर एक चढतात आणि मग तो शेजाऱ्याला विचारतो. शेजारी सांगतो, ‘व्ह्यू रेंज, म्हणजे प्लॅनमध्ये किती खोलवरचं दिसावं ती मर्यादा, खाली घे.’ तो खाली घेतो, सगळे पाईप एकदम दिसतात, आणि दोघेही हे सॉफ्टवेअरचं विचित्रपण समजून पुढे जातात.

शिकवणारा शेजारी असेल तर त्याने इथे थांबून सांगायला हवं: तिसऱ्या मजल्याचं ड्रेनेज तिसऱ्या मजल्याच्या फरशीवर नसतंच, ते फरशीच्या खाली असतं. सन्कन स्लॅब केला तर ते आपल्या फरशीखाली कोब्यात राहतं, नाही केला तर खालच्या घरात लटकतं. आपल्या शहरांत गळतीवरून सोसायटीच्या मीटिंगा तापतात, वरचा आणि खालचा फ्लॅटवाला वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, त्याचं मूळ इथे आहे. व्ह्यू रेंज कुठवर खाली घ्यायची या प्रश्नाचं उत्तर देताना मुलाला सन्कनचं माप, कोब्याची जाडी, वॉटरप्रूफिंग आणि नहाणी ट्रॅपची उंची हे सगळं विचारात घ्यावं लागतं. खोडी म्हणून जी बाजूला सारली तीच प्लंबिंगची पहिली शिकवण होती.

दुसरी प्रसिद्ध खोडी म्हणजे ‘नो ऑटो-राउट सोल्युशन वॉज फाउंड’. दोन पाईप जोडायला गेलं की सॉफ्टवेअर हा निरोप देऊन हात वर करतं. बहुतेक वेळा याचा अर्थ एवढाच असतो की त्या दोन टोकांमध्ये बेंड आणि टी बसायला जागा नाही, किंवा कोन जुळत नाही. प्लंबरही साईटवर हेच म्हणतो, फक्त जास्त स्पष्ट शब्दांत. हा निरोप मिळाल्यावर मुलाने फिटिंगचं कॅटलॉग काढून वायची, म्हणजे तिरक्या फाट्याच्या फिटिंगची, लांबी मोजावी, एवढंच शिक्षकाने बघायचं. रागाच्या भरात पाईप थोडा हलवून जुळेपर्यंत खेळत बसणं ही वाईट सवय आहे. ती मोडायला लागते, आणि ती मोडायला माणूस लागतो हेही मी मान्य करतो.

आता साईटबद्दल. साईटशिवाय प्लंबिंग येत नाही, याबद्दल वाद नाही. वाद क्रमाचा आहे. नव्या मुलाला पहिल्या वर्षी साईटवर काय करायला मिळतं? चलनं तपासणं, पाईपचे नग मोजणं, कंत्राटदाराच्या बिलाची मापं घेणं, टेस्टिंगच्या वेळी बादलीजवळ उभं राहणं. या कामांना मी कमी लेखत नाही. पण ज्याला सबंध यंत्रणेचं चित्रच डोक्यात नाही, त्याला एका मजल्यावरचे चार पाईप बघून काय कळणार? शाफ्टमध्ये डोकावलं की त्याला सहा उभे पाईप दिसतात. त्यातला मैल्याचा कुठला, मोरीचा कुठला, वेंट कुठला आणि पावसाच्या पाण्याचा कुठला, हे त्याला कोणी सांगेपर्यंत कळत नाही. मॉडेलमध्ये तीच इमारत उभी केलेला मुलगा साईटवर गेला की पहिल्याच दिवशी विचारतो, ‘हा वेंट वर गच्चीबाहेर गेलाय का?’ बघायचं काय हे त्याला आधीच माहीत असतं, म्हणून साईट त्याला जास्त शिकवते.

शिवाय साईट प्रत्येकाला मिळते हे गृहीतच चुकीचं आहे. तालुक्याच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या मुलीच्या आसपास दहा मजली इमारत तरी असते का? मुंबईतली तिची मैत्रीण साईटवर जाऊ म्हणते तेव्हा तिला किती जण ‘तू ऑफिसमध्येच बरी’ म्हणून परत पाठवतात, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आधी साईट हा नियम कागदावर सगळ्यांना सारखा, प्रत्यक्षात मात्र तो काहींना दारातच अडवतो. विद्यार्थ्यांना ऑटोडेस्ककडून रेव्हिट मोफत वापरता येतं. एक बऱ्यापैकी विंडोज कॉम्प्युटर आणि एक इमारत समजावून सांगणारा माणूस एवढ्यावर ही मुलगी अख्खा शाफ्ट उभा करू शकते. तिच्यापुढचा हा रस्ता शिस्तीच्या नावाखाली बंद करणं मला पटत नाही.

आणखी एक वास्तव ज्येष्ठ लक्षात घेत नाहीत. ब्रिटिश सरकारने एप्रिल २०१६ पासून आपल्या केंद्रीय सार्वजनिक प्रकल्पांना मॉडेल सक्तीचं केलं. परदेशातल्या इमारतींचं मॉडेलिंग पुण्या-मुंबईतल्या ऑफिसांत होतं, आणि तिथला नवा मुलगा जी इमारत कधीच बघणार नाही तिचे पाईप ओढतो. त्याची साईट परदेशात आहे. त्याच्यापुढचा कोड बीएस ईएन १२०५६ असतो, आपला नॅशनल बिल्डिंग कोड नव्हे. त्याला ‘आधी साईट’ सांगून काय उपयोग? त्याला प्लंबिंग मॉडेलमधूनच शिकवावं लागणार. नाहीतर तो वर्षानुवर्षं नुसता ट्रेसिंग करणारा राहील आणि तिकडचा इंजिनीयर लाल शाईत लिहील तेवढंच दुरुस्त करत बसेल.

आता ज्येष्ठ कुठे बरोबर आहेत तेही सांगतो.

पाणीपुरवठ्याच्या बाजूला सॉफ्टवेअर खरोखर आंधळं करतं. तिथे ते आकडे आपणहून देतं, आणि आपणहून आलेल्या आकड्याला कोणी प्रश्न विचारत नाही. रॉय हंटर यांनी १९४० साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये जी पद्धत मांडली, तिच्यावर आजही पाण्याच्या प्रवाहाचा हा हिशेब उभा आहे. प्रत्येक उपकरणाला काही फिक्स्चर युनिट द्यायचे, त्यांची बेरीज करायची, आणि सगळे नळ एकाच वेळी उघडत नाहीत हे धरून वक्रावरून प्रवाह काढायचा. रेव्हिटमध्ये हे रूपांतर करताना एक लहानशी निवड असते: इमारतीत मुख्यतः फ्लश टँक आहेत की फ्लश व्हॉल्व्ह. नवशिका तिकडे ढुंकून बघत नाही. इंटरनॅशनल प्लंबिंग कोडच्या तक्त्यात १० युनिटना टँक धरले तर मिनिटाला १४.६ गॅलन येतात, व्हॉल्व्ह धरले तर २७. लिटरमध्ये साधारण ५५ आणि १०२. एका न पाहिलेल्या निवडीने प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो, आणि पाईपचा व्यास त्यावर ठरतो. गंमत अशी की १००० युनिटांपाशी दोन्ही वक्र एकत्र येतात, त्यामुळे मोठ्या मेनवर चूक दिसत नाही आणि फ्लॅटच्या फाट्यावर मात्र ती ठाण मांडून बसते.

त्यात आपली पाणी देण्याची रीतही वेगळी. पालिकेचं पाणी ठरावीक तास येतं, तळटाकीत साठतं, पंपाने गच्चीवर चढतं आणि तिथून खाली उतरतं. दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरला जेमतेम एक किलो दाब मिळतो. टाकीच्या तळाखाली तीन मीटरवर असलेल्या सर्वांत वरच्या फ्लॅटच्या शॉवरला मिळतो ०.३. हा हिशेब मुलाने वहीत केल्याशिवाय त्याला पाण्याच्या लाईनीचं मॉडेल करू देऊ नये. इथे मी ज्येष्ठांच्या बाजूने आहे, पूर्णपणे.

म्हणूनच माझा आग्रह सांडपाण्यापासून सुरुवात करण्याचा आहे. गुरुत्वाने वाहणाऱ्या पाईपचा व्यास रेव्हिट ठरवून देत नाही. तिथे तयार उत्तर नाही. मुलाला कोड उघडावाच लागतो, नॅशनल बिल्डिंग कोडचा नववा भाग. पाणी सेकंदाला किमान ०.७५ मीटर वेगाने वाहिलं तरच मैला बरोबर वाहून जातो, हे तिथे त्याला भेटतं. १०० मिलिमीटरच्या पाईपला सत्तावनाला एक उतार लागतो आणि १५० च्या पाईपला शंभराला एक पुरतो, हेही तिथेच कळतं. मग तो अडखळतो: मोठ्या पाईपला कमी उतार कसा? या प्रश्नावर एक अख्खा दिवस घालवावा, इतका तो मोलाचा आहे. सगळीकडे दोन टक्के ठोकणारा मुलगा मागच्या शाफ्टपासून रस्त्याच्या चेंबरपर्यंतच्या चाळीस मीटरमध्ये १५० चा पाईप ८०० मिलिमीटर खाली नेतो, तिथे ४०० पुरले असते. मॉडेलमध्ये त्याच्या पाईपचं टोक पालिकेच्या चेंबरच्या इन्व्हर्टखाली, म्हणजे आतल्या तळाच्या पातळीखाली, गेलेलं दिसतं, आणि कुणी रागावायच्या आत त्याला समजतं की पाणी वर चढणार नाही.

मॉडेलची आणखी एक आंधळी बाजू मात्र शिक्षकानेच भरून काढायची आहे. मॉडेलला हवा दिसत नाही. ट्रॅपमधलं पन्नास मिलिमीटर पाणी सुकलं की नाही, वरून फ्लश पडला की खालच्या बेसिनचं सील ओढलं जातं का, हे त्याला कळत नाही. वेंट त्याच्या लेखी आणखी एक पाईप. मार्च २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्समध्ये सार्सची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली. न्हाणीघरांतल्या जमिनीच्या जाळ्यांखालचे यू-ट्रॅप कोरडे पडले होते आणि एक्झॉस्ट पंखे शाफ्टमधल्या पाईपातली हवा घरात ओढत होते. हे मुलाला पहिल्या महिन्यात सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या घरांतही न वापरलेल्या बाथरूमचे नहाणी ट्रॅप उन्हाळ्यात सुकतात. मॉडेलमध्ये नहाणी ट्रॅप ठेवताना त्याने विचारावं: याच्यात पाणी कुठून येत राहणार? बेसिनचं पाणी त्यातून नेलं तर सील आपोआप भरत राहतं. एवढी एक जोडणी मुलाने कारणासकट केली की तो बटणं दाबणारा राहिला नाही.

आणि सॉफ्टवेअर आडव्या मैला-लाईनवर साधा नव्वद अंशांचा टी खुशाल बसवू देतं. तिथे पंचेचाळीसचा वाय हवा, हे मुलाला कोणीतरी शिकवावं लागतं.

या मतभेदात तीन महिन्यांत ‘एमईपी मॉडेलर’ बनवून देणारे क्लास मला आपल्या बाजूचे समजत असतील तर त्यांचा गैरसमज दूर करतो. तिथे पहिल्या आठवड्यात थंड पाण्याची निळी लाईन ओढायला शिकवतात, कारण ती सपाट जाते, लगेच जुळते आणि छान दिसते. ड्रेनेज शेवटी, वेळ उरला तर. उतार शून्य ठेवून मैल्याचा पाईप ओढलेली प्रोजेक्टं तिथून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतात. अशा मुलाची मुलाखत घेणारा ज्येष्ठ वैतागतो ते योग्यच आहे. पण त्याचा राग सॉफ्टवेअरवर निघतो. तो शिकवण्याच्या क्रमावर निघायला हवा.

ज्येष्ठांना माझं एक मागणं आहे. रेव्हिटबरोबर येणारं तयार सामान बाहेरच्या देशांचं आहे. त्यात आपला नहाणी ट्रॅप नाही, गली ट्रॅप नाही, ओरिसा पॅन नाही, जेट स्प्रेचा पॉइंट नाही, मोरी नाही. कंपनीकडून येणारं मॉडेल दिसायला देखणं असतं, पण बऱ्याचदा त्याला पाईप जोडायचा कनेक्टरच नसतो. प्रत्येक ऑफिसात नवा मुलगा हे सगळं चुकतमाकत पुन्हा बनवतो आणि ट्रॅपची उंची अंदाजाने भरतो. ज्यांनी हजारो नहाणी ट्रॅप बसवले त्यांनी एकदा नवशिक्याशेजारी बसून एक अचूक बनवून घ्यावा: सील पन्नासचं, आउटलेट किती उंचीवर, सन्कनमध्ये कोब्याला किती जागा, जाळी कितीची. मग गली ट्रॅप, मग चेंबर, मग वायच्या फिटिंग्ज, आणि लाईन जोडताना साधा टी निवडताच येणार नाही अशी टेम्प्लेट.

मुलाखतीतला प्रश्नही बदला. शॉर्टकट विचारू नका, ‘किती वर्षं साईट केली’ हेही पहिल्यांदा विचारू नका. दोन मजल्यांवर एकेक टॉयलेट, मध्ये एक बीम आणि रस्त्यावरच्या चेंबरचा इन्व्हर्ट एवढं देऊन मुलाला मॉडेलसमोर बसवा. पाईप चेंबरपर्यंत पोचला की त्याला विचारा, वाटेत कुठे किती खाली गेलास आणि का.